कुलवृत्तांतातल्या आकड्यांवरून 'आमच्या घराण्यात दीर्घायुष्य आहे' असं म्हणता येतं का?

वंशवेल

नमस्कार मंडळी. आमच्या कुलमंडळातर्फे कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. जुन्या आवृत्तीतली माहिती एक्सेलमध्ये चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं ('तू कॉम्प्युटरमधला ना?'). चार हजारांच्या वर माणसं आहेत. प्रत्येकापुढे जन्म, मृत्यू, वडील, आई, गाव, व्यवसाय, प्रथम की द्वितीय संबंधाचं (पहिल्या की दुसऱ्या बायकोचं) अपत्य, दत्तक असल्यास तसं, असे रकाने केलेत. सगळे भरलेले नाहीत, हे सांगायला नकोच.

मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांचा आग्रह आहे की प्रस्तावनेत 'दीर्घायुष्य आपल्या घराण्याच्या रक्तातच आहे' असं वाक्य हवं, आणि आता आकडे आहेतच तर ते शास्त्रीय पद्धतीने सिद्धच करून द्यावं. मी सहज सरासरी काढली. १९०० च्या आधी जन्मलेल्या, मृत्यूची नोंद असलेल्या पुरुषांचं सरासरी वय साठीच्या पुढे निघालं. १९०१ ते १९११ च्या दशकात हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान होतं साधारण २३ वर्षं! काका भलतेच खूश आहेत.

मला मात्र हे पटत नाहीये आणि नेमकं काय खटकतंय तेही सांगता येत नाहीये. वडिलांचं आयुष्य मुलात उतरतं का, हे अशा वंशावळीवरून काढायची रीत काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचटआजी

चार हजारांत बायका किती ते आधी सांगा. मग रक्ताचं बघू.

आकडेमोड

रोचक धागा. खटकतंय ते बरोबर खटकतंय.

२३ हे जन्माच्या वेळचं आयुर्मान. त्यात वर्षाच्या आत गेलेली मुलं धरलेली असतात, आणि त्या काळी ती फार जात. तुमच्या पुस्तकात ती मुलं आहेत का? बहुधा नाहीत. जी आहेत ती 'एक पुत्र अल्पवयात निवर्तला' अशी, वयाविना. म्हणजे तुम्ही तरून गेलेल्यांची सरासरी सगळ्यांच्या सरासरीशी ताडून बघताय. त्यात आणखी एक गाळणी आहे. वंशावळीत ज्याच्या नावाखाली फांदी आहे तो माणूस निदान पोरंबाळं होईपर्यंत जगलेला असणारच. विशीत गेलेला अविवाहित मुलगा पुस्तकात एका ओळीपुरता, त्याचा ऐंशीला गेलेला भाऊ पान दीड पान.

तेव्हा बाहेरच्या आकड्याशी तुलना सोडून द्या. पुस्तकाच्या आतच बघा: जास्त जगलेल्या बापांची मुलं, कमी जगलेल्या बापांच्या मुलांपेक्षा जास्त जगली का? हा प्रश्न जुना आहे. मेरी बीटन आणि संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९९ मध्ये इंग्लंडातल्या उमरावांच्या वंशावळी घेऊन हेच केलं होतं, म्हणजे तिकडचे कुलवृत्तांतच म्हणा. बापलेकांच्या आयुष्यातला सहसंबंध (० म्हणजे काहीच जुळत नाही, १ म्हणजे तंतोतंत जुळतं) निघाला ०.१ ते ०.१५ च्या आसपास. त्याच पिअर्सनने बापलेकांच्या उंचीचा सहसंबंध काढला तो सुमारे ०.५. फरक लक्षात घ्या.

मुलाला बापाकडून निम्मी जनुकं मिळतात, म्हणून ढोबळ हिशेब असा की बापलेकांचा सहसंबंध दुप्पट केला की आनुवंशिक वाटा मिळतो. ०.१२ चे झाले २४ टक्के. गंमत म्हणजे डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांवरून १९९६ साली जो अंदाज निघाला तो पुरुषांत २६ आणि बायकांत २३ टक्के.

टवाळखोर

म्हणजे आजोबा ८० जगले त्यातली २० वर्षं पणजोबांची कृपा आणि उरलेली ६० आजीच्या हातच्या भाकरीची?

आकडेमोड

@टवाळखोर, नाही हो. एका माणसाच्या आयुष्याची अशी वाटणी होत नाही. माणसामाणसांत जो *फरक* दिसतो (कोणी ५०, कोणी ९०) त्या फरकातला चतुर्थांश भाग जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि तोही त्या लोकांपुरता, त्या काळापुरता.

मोडीवाचक

माझा या नोंदींशी बराच संबंध येतो म्हणून लिहितो. मॉडेल नंतर लावा, आधी वयं तपासा.

जुन्या नोंदी शके असतात. ७८ मिळवून इसवी सन काढला की काम झालं असं समजू नका. पौष, माघ, फाल्गुनातल्या तिथीला बहुतेकदा ७९ मिळवावे लागतात, कारण शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत. एखाद्या वर्षाची चूक आयुष्यात फार नाही, पण जन्म एका पद्धतीने आणि मृत्यू दुसऱ्या पद्धतीने उतरवला असेल तर घोळ होतो.

दुसरं, आकडे ओढले जातात. मृत्यूचं वय ६०, ६५, ७०, ७५ यांवर गर्दी दिसेल. आणि ८१ वर तर हमखास उंचवटा सापडेल. सहस्रचंद्रदर्शन! हजार पौर्णिमा म्हणजे जवळजवळ ८१ वर्षं. शांत झाली असेल तर वय ८१ च्या पुढे धरलं जातं, आणि शांत केव्हा केली हे घरच्यांच्या सोयीवर. घरातला थोरला मुलगा परदेशातून आला की वडिलांचे हजार चंद्र पुरे होतात, असं एका ठिकाणी पाहिलंय.

तिसरं, आजींनी म्हटलंय तेच. मुलीची नोंद 'कन्या: गोदावरी (सासरचे नाव अमुक)' इथे संपते. ती पुढे किती जगली हे तिच्या माहेरच्या पुस्तकात नसतं. सासरच्या पुस्तकात ती नवीन नावाने असते, बऱ्याचदा मृत्यूच्या तारखेशिवाय.

खवचटआजी

मग काकांना सांगा, 'घराण्यात दीर्घायुष्य आहे, पुरुषांपुरतं, शांत केली असल्यास.'

खिल्लार

मी पशुपैदाशीत आहे. तुम्ही लोक ज्याला नवल समजताय ते आमचं रोजचं काम आहे. गाईचं दूध, मेंढीचं वजन, कोंबडीची अंडी, या सगळ्यांत नात्याचं कोष्टक मांडून आनुवंशिक वाटा काढतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या हेंडरसन नावाच्या माणसाने ही गणितं बसवली. कळपातल्या प्रत्येक जनावराचं प्रत्येकाशी नातं किती, हे मोठ्या तक्त्यात भरायचं: बाप-लेक १/२, सख्खी भावंडं १/२, सावत्र १/४, आजा-नातू १/४, काका-पुतण्या १/४, सख्खे चुलत १/८. मग बघायचं की नातं जवळचं तसं दूध जुळतं का. बापलेकांची एकच जोडी बघण्यापेक्षा यात सगळी नाती कामाला येतात.

याच तक्त्यावरून एक गोष्ट कळेल. तुमचा मूळपुरुष दहा पिढ्या मागे असेल तर तुमचं त्याच्याशी नातं १/१०२४. आडनाव मात्र शंभर टक्के. काकांना हेही सांगा.

खरं सोनं तुमच्या 'प्रथम संबंध, द्वितीय संबंध' या रकान्यात आहे. त्या काळी पहिली बायको बाळंतपणात जायची आणि वर्षभरात दुसरं लग्न व्हायचं. म्हणजे एकाच बापाची, एकाच वाड्यात, एकाच ताटात वाढलेली, पण सावत्र भावंडं. सख्ख्या भावांचा सहसंबंध = आनुवंशिक वाट्याचा अर्धा + घराचा वाटा. सावत्र भावांचा = आनुवंशिक वाट्याचा पाव + घराचा वाटा. वजाबाकी करा, घर उडून जातं. उरलेल्याला चारने गुणा. आम्ही एका वळूच्या अनेक गाईंपासूनच्या वासरांवर असाच हिशेब करतो.

वकीलीणबाई

@खिल्लार, वळूच्या बाबतीत ठीक आहे. पण 'एकाच ताटात' हे तुम्ही फार सहज लिहिलंत. पहिल्या संबंधाच्या मुलांची आई गेलेली आहे. तान्हं असेल तर अंगावरचं दूध गेलं, मोठं असेल तर सावत्र आई आली. घर तेच, पण दोघांच्या वाट्याला आलेलं घर एक नाही. तुमच्या वजाबाकीत ते उडत नाही, उलट चारने गुणलं जातं.

खिल्लार

मान्य. हा मुद्दा गोठ्यात येत नाही. मग पहिल्या संबंधाची भावंडं आपापसांत आणि दुसऱ्या संबंधाची आपापसांत, अशीही तुलना करावी लागेल. जोड्या किती उरतील देव जाणे. चारने गुणल्याने बारीकशी चूकही फुगते हेही खरंच.

सरळसोट

एवढा काथ्याकूट कशाला? आमचे आजोबा रोज नदीवर पोहायला जात, दोन वेळा जेवत, संध्याकाळी सातनंतर काही खात नसत. ९३ जगले. यात कसलं मॉडेल?

टवाळखोर

आमचे तंबाखू खात. ९४ जगले. एक वर्षाने जिंकलो.

तळकोकण

वंशवेल, एक काम करा. १९१८ चे मृत्यू वेगळे काढा. आमच्या वंशावळीत एकाच घरातले तिघे भाऊ त्या वर्षी आश्विन-कार्तिकात गेलेत. मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ. तिचा तडाखा देशात सर्वांत जास्त बसलेल्या भागांपैकी मुंबई इलाखा एक होता. त्याआधी १८९६ पासून प्लेग. ही तीन भावांची मरणं कोणी सहसंबंधात घातली तर 'आयुष्य रक्तातून जुळतं' असंच दिसणार. प्रत्यक्षात जुळलं ते एका माजघरात झोपल्यामुळे.

आकडेमोड

@तळकोकण, अगदी मोक्याचं. म्हणूनच बाप-लेक आणि भाऊ-भाऊ हे दोन्ही सहसंबंध काढून शेजारी मांडावेत. दोन्हीकडे जनुकांचं नातं १/२ च. नुसती जनुकं असती तर दोन्ही आकडे साधारण सारखे यायला हवेत. भावांचा जास्त आला तर एक घर, एक काळ, एक साथ यांचा हात आहे असं समजायचं (जनुकांचंही एक कारण असतं, प्रभावी-अप्रभावी जोड्यांचं, पण इथे ते सोडून देऊ).

अवांतर: १९१८ म्हटल्यावर राहवत नाही. त्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत तो प्रसिद्ध निबंध छापला. तोवर भांडण असं होतं की मेंडेलचे वाटाणे एक तर गोल, नाही तर सुरकुतलेले. पण माणसांची उंची तर सलग चढत जाते, मग मेंडेल माणसाला लागू कसा? फिशरने दाखवलं की प्रत्येकी थोडा थोडा परिणाम करणारी पुष्कळ मेंडेली जनुकं एकत्र आली की बरोबर तोच सलग पसारा मिळतो, आणि पिअर्सनच्या मंडळींनी मोजलेले नातेवाइकांमधले सहसंबंधही त्यातून निघतात. वर खिल्लार यांनी दिलेले १/२, १/४ त्याच घरातले. फिशर पुढे कलकत्त्याला महालनोबिसांच्या संख्याशास्त्र संस्थेत येऊनही गेले.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडच्या इगर्जींच्या (चर्चच्या) बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत मूल मुलगा असो वा मुलगी, आईबापांची नावं, कुठे कुठे आजीआजोबांचीही, वर धर्मपिता-धर्ममाता. लग्नाची वही वेगळी, मृत्यूची वेगळी. पोरगी दुसऱ्या गावात लग्न होऊन गेली तरी त्या गावच्या वहीत सापडते. आणि आठ दिवसांत गेलेलं मूलही वहीत असतं. कुलवृत्तांतापेक्षा हा माल जास्त भरवशाचा. अडचण एकच: वाळवी.

घाटावरचा

आमच्याकडे कुलवृत्तांत नाही, हेळवी येतात. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना माहीत असेल. बैल घेऊन दारात येतात आणि वही उघडून सात पिढ्या वाचतात. पण जन्ममृत्यूच्या तारखा विचाराल तर नाही. कोणाचा कोण, आणि कुठून कुठे गेला, एवढंच पक्कं.

न्यूजर्सीकर

यावर इकडे दोन मोठी कामं झाली, दोन्ही २०१८ मधली. लोक हौसेने वेबसाइटवर आपापल्या वंशावळी चढवतात, त्याच जोडून. एका कामात जेनी नावाच्या साइटवरून एकच १ कोटी ३० लाख माणसांचा वंशवृक्ष जोडला. त्यात दीर्घायुष्याचा आनुवंशिक वाटा १६ टक्के निघाला. दुसऱ्यात ॲन्सेस्ट्री या वंशावळींच्या साइटचा विदा (डेटा) होता, ४० कोटींहून जास्त माणसं. त्यांना प्रथम जुळ्यांसारखेच आकडे दिसले, पण मग त्यांनी असं काही तपासलं की मजा आली: मेहुणे. ज्यांच्यात ना रक्त ना घर सामायिक, त्यांचीही आयुष्यं जुळत होती! बायकोच्या भावाशी, अगदी बायकोच्या चुलतभावाशीही.

कारण लोक आपल्यासारख्याशीच लग्न करतात. शिक्षण, पैसा, सवयी, राहणी. सून आणि जावई 'आपल्यातलेच' निवडले की पिढ्यानपिढ्या दोन्ही बाजू सारख्या होत जातात, आणि साधं मॉडेल ते सगळं जनुकांच्या खात्यावर टाकतं. ते काढल्यावर आनुवंशिक वाटा १० टक्क्यांच्याही बराच खाली आला.

वकीलीणबाई

विवाहमंडळाचा फॉर्म आठवा. उंची, वर्ण, शिक्षण, मासिक उत्पन्न, चष्मा आहे/नाही, स्वतःचं घर, आहार. 'अनुरूप' हाच तर शब्द असतो जाहिरातीत. म्हणजे आपल्याकडे हे मेहुण्यांचं गणित तिकडच्यापेक्षा जास्तच चालत असणार.

टवाळखोर

माझ्या साडूचं आणि माझं आयुष्य जुळणार म्हणता? मग त्याची सिगारेट आजच बंद करायला हवी.

गोत्रप्रेमी

याच साठी पूर्वजांनी सगोत्र विवाह निषिद्ध ठेवला होता. संपूर्ण आनुवंशिकशास्त्र त्यात आहे. आज शास्त्रज्ञ जे सांगताहेत ते

खवचटआजी

@गोत्रप्रेमी, वाक्य पुरं करा. आणि मग मामाच्या मुलीचं सांगा.

खिल्लार

गोत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं. म्हणजे फार तर वाय गुणसूत्राचा मागोवा. वीस पिढ्यांपूर्वी फुटलेल्या सगोत्र शाखेतली मुलगी चालत नाही, जिच्याशी नातं मोजण्यापलीकडे क्षीण झालेलं असतं. आणि मामाची मुलगी, जी सख्ख्या चुलत बहिणीइतकीच जवळची, ती दक्षिण महाराष्ट्रात कित्येक घरांत हक्काची. त्या जोडप्याच्या मुलात कुठल्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता १/१६. गोत्राच्या नियमाला ती दिसतच नाही. (सपिंडाचा नियम, म्हणजे जवळच्या रक्तनात्यात लग्न नको, जास्त शहाणा आहे, तो आईकडूनही मोजतो. पण तो नियम रूढीने मोडता येतो, आणि मोडलाय.)

वंशवेल, तुमच्या तक्त्यात अशी लग्नं असतील तर नातं मोजताना दोन्ही वाटांनी मोजा. आईकडची वाट पुस्तकात नसते, ही पुन्हा तीच अडचण.

संपादक मंडळ

जातींच्या 'शुद्धते'वरचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. विषयाला धरून लिहावे.

शंकासुर

एक मिनिट. जुळ्यांवरून २५, जेनीवरून १६, ॲन्सेस्ट्रीवरून ७-८. आणि अलीकडे इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या उरी अलोन यांच्या गटाने म्हटलंय ५० च्या आसपास! त्यांचं म्हणणं, जुन्या पिढ्यांतले अपघात आणि साथींचे मृत्यू हिशेबातून काढा, ते जनुकांना विचारून येत नाहीत, मग जनुकांचा वाटा दुप्पट दिसतो. आता सांगा, एकाच गोष्टीसाठी ७ आणि ५० असे आकडे येत असतील तर हे शास्त्र आहे की पंचांग?

आकडेमोड

गोष्ट एकच नाहीये. 'त्या काळात जन्मलेल्या माणसांच्या प्रत्यक्ष आयुष्यांतला फरक' हा एक प्रश्न. 'प्लेग, बाळंतपण, विहिरीत पडणं हे काहीच नसतं तर उरला असता तो फरक' हा दुसरा प्रश्न. पहिल्यात नशिबाचा पसारा मोठा, म्हणून जनुकांचा वाटा लहान. दुसऱ्यात नशीबच कापून टाकलंय. टक्केवारीत खालचा आकडा लहान केला की वरचा तेवढाच राहूनही टक्के वाढतात.

शंकासुर

म्हणजे पर्यावरण सारखं करत नेलं की जनुकं 'ताकदवान' होत जातात. सोयीचं आहे. मग त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आकडेमोड

अर्थ उरतो, पण पत्त्यासकट. 'कुठल्या लोकांत, कुठल्या काळात, कशाकशाला सोडून' हे न सांगता कोणी टक्के सांगत असेल तर तुम्ही रागवा, मी पण येतो. मेहुण्यांची हरकत मात्र साथी काढून टाकल्याने सुटत नाही, ती वेगळी सोडवावी लागते. त्यामुळे ५० वर मी अजून सही करणार नाही.

डॉ_तळमजला

उशिरा आलो. रुग्णांच्या बाजूने थोडं लिहितो.

घराण्यात काही 'चालत आलंय' हे दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी दिसतं. दीर्घायुष्य, उंची, मधुमेहाचा सामान्य प्रकार: शेकडो-हजारो जनुकांचे बारीक धक्के. उंचीचंच घ्या, २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या १२,१११ जागा सापडल्या. दुसरा प्रकार म्हणजे एकच मोठं जनुक. तिथे सरासरी आणि सहसंबंध नाही, 'कोणाच्या कोणत्या मुलाला झालं' हे नकाशासारखं वाचतात. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये २३ कुटुंबांवरून स्तनाच्या कर्करोगाचं जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे हे असंच दाखवलं. सगळी कुटुंबं एकत्र मोजली तेव्हा चित्र धूसर होतं. कमी वयात आजार झालेली कुटुंबं आधी घेत गेल्यावर ते लख्ख झालं, कारण उतारवयातले आजार बऱ्याचदा त्या जनुकाशिवायच होतात.

अशा कामात पक्षपात कुठून येतो सांगतो. ज्या घरात चार जणींना आजार झाला ते घर डॉक्टरकडे येतं, अभ्यासात सापडतं. ज्या घरात तेच जनुक आहे पण नशिबाने कोणालाच झालं नाही, ते कधी सापडतच नाही. ते गृहीत धरून हिशेब दुरुस्त करावा लागतो. कुलवृत्तांतात याचा उलटा अवतार: ज्या शाखा पुण्यामुंबईला गेल्या, शिकल्या, त्यांनी फॉर्म भरून पाठवले. गावात राहून खंगलेली शाखा 'माहिती उपलब्ध नाही'.

आणि हात जोडून विनंती, आजारांची नावं पुस्तकात छापू नका. मृत्यूचं कारण मंडळाकडे ठेवा, हवं तर. छापलेल्या एका ओळीवरून स्थळं मोडलेली मी पाहिली आहेत.

खिल्लार

@डॉ_तळमजला, एका मोठ्या जनुकाचं आमच्यातलं उदाहरण देतो, शेवटी महाराष्ट्रापर्यंत येणारं. ऑस्ट्रेलियात बुरूला नावाच्या मेरिनो मेंढ्यांच्या कळपात काही माद्या दोन-तीन-चार कोकरं देत. नोंदींतला पसारा इतका तुटक होता, आणि असा आईकडून लेकीकडे उतरत होता, की १९८२ च्या सुमारास लोकांनी आकड्यांवरूनच म्हटलं: हे अनेक जनुकांचं काम नाही, एकच आहे. प्रयोगशाळेत ते जनुक सापडायला २००१ उजाडलं. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं ते फक्त कळपाच्या वहीत होतं. मूळ मात्र तिकडचं नाही. सुंदरबनातल्या गारोळ मेंढ्या १७९० च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने गेल्या, त्यांच्यातून ते गेलं. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तेच जनुक गारोळकडून आपल्या दख्खनी मेंढीत आणलं.

सरळसोट

मेंढ्यांपर्यंत आलो. आता मूळ प्रश्नाकडे कोण जाणार?

वकीलीणबाई

मी जाते. वंशवेल, दत्तकाचा रकाना वाया घालवू नका. डॅनिश लोकांनी १९८८ मध्ये दत्तक मुलांवर काम छापलं. मूळ आईबापांपैकी कोणी पन्नाशीच्या आत संसर्गाने गेलं असेल, तर दत्तक गेलेल्या मुलाचा तसाच लवकर मृत्यू होण्याचा धोका जवळजवळ सहापट. संसर्गाचा, ज्याला आपण निव्वळ परिस्थिती समजतो! आणि कर्करोगाच्या बाबतीत उलट, दत्तक घेणारे आईबाप लवकर गेलेले असतील तर धोका पाचपट. असं काही वाचलं की 'रक्त की घर' ही वाटणी जिभेवर तितकी सहज येत नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी. दत्तक परका नसे. पुतण्या, नाही तर भाऊबंदातला. म्हणजे दत्तक बापाशीही रक्ताचं नातं १/४ वा १/८ आहेच. तुमच्या तक्त्यात दत्तकाच्या दोन्ही रेघा ठेवा, जन्माची वेगळी, नावाची वेगळी.

वंशवेल

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. जेवढं जमलं तेवढं केलं, ते सांगतो.

तिशी पार केलेल्या पुरुषांपुरतंच पाहिलं, जन्माची दशकं वेगळी धरून. बापलेकांत जुळतं, पण इतकं थोडं की आलेख बघून कोणी ओळखणार नाही. भावाभावांत त्याहून स्पष्ट जास्त जुळतं. १८९६ ते १९२० मधले मृत्यू बाजूला काढल्यावर भावांचा आकडा बराच खाली आला, बापलेकांचा फारसा हलला नाही. सावत्र भावांच्या जोड्या थोड्या आहेत, त्यांच्यावर बोलत नाही. ८१ चा उंचवटा आहे, मोडीवाचक! अगदी काढून दाखवावा असा आहे.

शाखांमध्ये मात्र फरक दिसतो. मुंबईला गेलेली शाखा जास्त जगली आहे. पण डॉक्टरांनी म्हटलं तसं, गावच्या शाखेचे निम्मे रकाने रिकामे आहेत.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे सिद्ध होत नाही असंही सिद्ध झालेलं नाही ना?' वकिली केली आहे त्यांनी.

एक अडलंय. जे हयात आहेत त्यांना काय करायचं? त्यांचं आयुष्य अजून पुरं नाही.

आकडेमोड

त्यांना वगळू नका. वगळलंत तर १९४० नंतर जन्मलेल्यांत फक्त लवकर गेलेलेच उरतील आणि नवी पिढी अल्पायुषी दिसेल. त्यांची नोंद 'निदान अमुक वयापर्यंत हयात' अशी ठेवायची. सेन्सर्ड म्हणतात त्याला. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉक्समी' नावाचं पॅकेज आहे, त्याला ही अर्धवट आयुष्यं आणि खिल्लार यांचा नात्यांचा तक्ता दोन्ही देता येतात. घरासाठी वेगळा घटक घाला, शाखेसाठी वेगळा. ज्यांचा मृत्यू झालाय की नाही हेच माहीत नाही, त्यांना शेवटची नोंद ज्या साली मिळते तिथे थांबवा.

खवचटआजी

आणि मुली?

वंशवेल

आजी, नव्या फॉर्ममध्ये मुलींचे सगळे रकाने मुलांइतकेच केलेत. जुन्यांचं काय करायचं ते सुचत नाही. सुमारे हजारभर मुली 'सासरचे नाव अमुक' इथे थांबल्या आहेत.

मोडीवाचक

इतर घराण्यांचे कुलवृत्तांत घेऊन जोडत बसायचं, दुसरा उपाय नाही. तुमच्याकडे 'कन्या, सासरचे नाव' आणि त्यांच्याकडे 'पत्नी, माहेरचे नाव' हे जुळतं का बघायचं. लग्नाचा शक मिळाला तर दुधात साखर. नावावर भरवसा ठेवू नका, लग्नात बदललेलं असतं. बापाचं नाव, गाव आणि साल, या तिघांवर जुळवा. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या यादीचा नमुना मला व्यनि (खासगी निरोप) केला होता, त्यातल्या तीन मुली मला आमच्याच पुस्तकात सापडल्या. एकीचा मृत्यू शके १८८९, वय ७४. दुसरी पहिल्याच बाळंतपणात, वय दिलेलं नाही. तिसरी बहुधा तीच, पण गावाचं नाव एकीकडे मूळ गावाचं आणि दुसरीकडे वाडीचं आहे, ते तपासावं लागेल.

तळकोकण

वाडीचं नाव सांगा, कोणत्या गावात पडते ते मी सांगतो. आमच्या तालुक्यात एकाच नावाच्या वाड्या बऱ्याच गावांत आहेत.